चपला आणि दुःखं बाहेर ठेवा

माझी आई वत्सलाबाई राऊत हिला माफ करता येत नव्हतं. काही बायकांना पोहता येत नाही, काहींना सायकल येत नाही, तसं. लोक तिला म्हणायचे, अहो, वय झालं, आता सोडून द्या. आई म्हणायची, "वय झालं म्हनूनच. आता नाय धरून ठेवलं तर कधी ठेवू?" मी तिची मुलगी आहे आणि हे सगळं तिच्याच बाजूनं सांगणार आहे. दुसरी बाजू ऐकायची असेल त्यानं खैरनार साहेबांच्या मित्रमंडळींकडे जावं. आहेत अजून काही जण आमच्या कॉलनीत. सकाळी जमून हसतात.

आम्ही माळी. आज इंदिरानगरात जिथं आमची कॉलनी आहे तिथं आजोबांचा मळा होता. कोबी, मेथी, झेंडू असं सगळं निघायचं. पुढं शहर वाढत आलं, प्लॉट पडले, मळा गेला. आमच्याकडे राहिलं ते एक घर आणि घरामागं परसाची पट्टी. तेवढ्यात आई मेथी, पालक, कोथिंबीर काढायची आणि सकाळी कॉलनीच्या कोपऱ्यावर पाटी घेऊन बसायची. गरज नव्हती. पण मळ्यात वाढलेल्या बाईला सकाळच्या वेळी हात रिकामे ठेवून बसणं जमत नाही.

बाबा, रंगनाथ राऊत, ओझरच्या विमानाच्या कारखान्यात फिटर होते. पहाटे डबा घेऊन बसला उभे राहायचे, संध्याकाळी परत. कमी बोलणारा, पण हसरा माणूस. शहाण्णव साली ते निवृत्त झाले. शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, गळ्यात आईनंच ओवलेला झेंडूचा हार पडला. त्यानंतरचं वर्ष बरं गेलं. मग हळूहळू त्यांच्यातलं काहीतरी विझत गेलं.

आधी दाढी करायची राहिली. मग पेपर वाचायचा राहिला. खाटेच्या कडेवर बसायचे, पाय खाली सोडून, आता उठणार असं वाटावं तसे, आणि दुपारपर्यंत तसेच. हातावर डास बसला तरी मारायचे नाहीत. जेवताना पहिला घास तोंडात घेतला की डोळ्यांतून पाणी यायचं. आई विचारायची, तिखट झालं का? बाबा मान हलवायचे. "काही होत नाही गं. नकोसं वाटतं, एवढंच."

माझा भाऊ जीवन पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये सुपरवायझर. तो रविवारी यायचा, बाबांकडे बघायचा आणि म्हणायचा, "साठी बुद्धी नाठी. म्हातारचळ आहे, दुसरं काय?" एका मावशीनं सांगितलं, बाहेरचं आहे. मग लिंबू उतरवून झालं, अंगारा लावून झाला. बाबा शांत बसून राहिले. आयुष्यभर विमानाच्या भागांची मापं मिलीमीटरच्या आत धरणारा माणूस, डोक्याभोवती लिंबू फिरतंय तरी हूं नाही की चूं नाही. ते पाहून मीच चिडले आणि आईला घेऊन आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी मनोविकारतज्ज्ञाचं नाव दिलं.

आईला घामच फुटला. वेड्याच्या डॉक्टरकडे जायचं म्हणजे गल्लीत काय सांगायचं? नशिबानं त्याच इमारतीत दातांचा दवाखाना होता. आईनं सगळीकडे दातांचं सांगितलं. दर पंधरवड्याला आम्ही दातांना जायचो. पुढं पुढं शेजारणी कळवळून विचारायला लागल्या, राऊतांचे किती राहिले हो? कवळी कधी बसवणार? आई म्हणायची, "अजून हालतायत."

त्या डॉक्टरांनी आम्हाला नीट समजावलं. याला नैराश्य म्हणतात, हा आजार आहे, या वयात पुष्कळांना होतो, आणि उतरतो. औषधाला वेळ लागेल. तोवर त्यांना माणसांत न्या, सकाळी फिरवा. आईनं त्यातलं माणसांत न्या एवढं घट्ट धरलं आणि बाबांना कॉलनीच्या मैदानावर नेऊन सोडलं. तिथं आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचा हास्य क्लब भरायचा.

संघाचे अध्यक्ष खैरनार साहेब. सरकारी खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. पांढरे बूट, पांढरी टोपी, गळ्यात शिटी. मूळचे सटाण्याकडचे, पण बोलणं रेडिओवरच्या बातम्यांसारखं स्वच्छ. अहिराणीचा एखादा शब्द चुकून तोंडात आलाच असता तर त्यांनी शिटी वाजवून त्याला बाहेर काढला असता. मैदानाच्या कडेला देवळाची फरशी होती, तिच्यावर सतरंज्या अंथरून व्यायाम चालायचा, आणि खांबाला साहेबांनी स्वतः लिहून घेतलेली पाटी होती: 'चपला आणि दुःखं बाहेर ठेवा.' येणारा प्रत्येक जण ती वाचून कौतुकानं मान डोलवायचा. मला ती पहिल्यापासून आवडली नव्हती. चपला बाहेर ठेवता येतात. दुसरं कुठं ठेवायचं, ते पाटीवर लिहिलेलं नव्हतं.

तिथं हसण्याचे प्रकार असत. ताक घुसळत हसायचं, जीभ बाहेर काढून सिंहासारखं हसायचं, हात वर करून आभाळाकडे बघत हसायचं. बाबा शेवटच्या रांगेत उभे राहायचे. हात वर करायचे. तोंड उघडायचे. पण हसू काही यायचं नाही, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी त्या उघड्या तोंडानं, वर केलेल्या हातांनी, त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

साहेबांनी शिटी वाजवली. सगळे थांबले. साहेब कमरेवर हात ठेवून म्हणाले, "अहो, हे बघा! रडतराऊत घोड्यावर!"

आमचं आडनाव राऊत. राऊत म्हणजे घोडेस्वार, आणि मराठीत रडतराऊत म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. शाळेत पोरं आम्हालाही चिडवायची. पण ती पोरं होती. इथं पिकल्या केसांची चाळीसएक माणसं होती, आणि रोज तोंड वाकडं करून हसण्याची कवायत करणारी ती माणसं त्या दिवशी पहिल्यांदा खरंखुरं हसली. साहेबांना सापडलं ते. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी नवा प्रकार काढला, राऊत हास्य. एकानं रडण्याचं सोंग करायचं, बाकीच्यांनी घोड्यासारखं उड्या मारत त्याच्याभोवती फिरायचं. आमच्या बाबांना मधे उभं करायचे.

आम्हाला हे सगळं पुढं लोकांकडून कळलं; बाबा घरी काही बोलले नाहीत. रोज जात राहिले. डॉक्टरांनी सांगितलंय ना, माणसांत जा. आई विचारायची, कसं वाटलं? ते म्हणायचे, "बरं आहे. हसतात सगळे."

संघाचा वर्धापनदिन संक्रांतीला असायचा. नव्याण्णव साली आम्ही सगळे गेलो होतो. तिळगूळ वाटून झाला, भाषणं झाली, मग बक्षिसं सुरू झाली. साहेबांनी माइकवरून बाबांना पुढं बोलावलं आणि रंगीत कागदात गुंडाळलेला खोका हातात दिला. सोडा, सोडा, म्हणाले. आत लहान मुलांचा प्लॅस्टिकचा घोडा होता, चाकांचा. मैदान हसण्यानं फुटलं. आणि बाबा हसले. हे मी विसरू शकत नाही. त्यांनी घोडा छातीशी धरला, सगळ्यांकडे बघितलं आणि हसले.

घरी येऊन त्यांनी तो स्वतःच्या हातानं टीव्हीवर ठेवला. दोन दिवसांनी बाबांनी जीव द्यायचा प्रयत्न केला. कसा, कुठं, ते मी सांगणार नाही. आई परसातून वेळेवर आत आली आणि ते वाचले, एवढं पुरे आहे.

दवाखान्यातून घरी आल्या आल्या आईनं तो घोडा पाणी तापवायच्या बंबात घातला. सगळ्या गल्लीत जळक्या प्लॅस्टिकचा वास सुटला. शेजारीण बघायला आली तर आई म्हणाली, "काय नाय, पानी तापवते." मग दार लावून माझ्याकडे वळली. तिचा आवाज अगदी साधा होता. "शुभांगे, त्या खैरनाराला मी त्याच जागेवर रडवीन. सगळ्यांच्या देखत. तवाच मरीन." मीही त्या दिवशी तेच मागत होते देवाकडे. खोटं कशाला बोलू?

बाबांना सावरायला दोनेक वर्षं गेली. डॉक्टरांनी औषध बदललं, बरेच दिवस दर आठवड्याला बोलावलं. आईनं दातांची थाप सोडून दिली. कुणी विचारलं की तोंडावर सांगायची, "मनाच्या डॉक्टरकडं नेते. तुमाला येयचं का?" विचारणारे पुन्हा विचारायचे नाहीत. बाबा आधी परसात नुसते बसायला लागले, मग वाफ्यात पाणी सोडायला लागले. एक दिवस दाढी केली. एक दिवस आईला म्हणाले, मेथीला आळी पडलीय, तुझं लक्ष कुठंय? आई पदरात तोंड घालून रडली. मैदानावर ते पुन्हा कधी गेले नाहीत. पण त्यांच्या मनात साहेबांबद्दल काही नव्हतं. "जाऊ दे गं," म्हणायचे. "त्यांना कुठं माहीत होतं?"

"तुमी जाऊ द्या," आई म्हणायची. "मी नाय देनार."

आईनं डूख धरला. साहेब रोज सकाळी फिरून येताना कोपऱ्यावर तिच्या पाटीपुढं थांबायचे, कारण कॉलनीत तिच्यासारखी कोवळी मेथी कुणाकडे नसायची.

"वहिनी, मेथी द्या एक जुडी."

"संपली."

"ही दिसतेय ती?"

"ती दिसायला ठेवलीय."

हे एकदा नाही, वर्षानुवर्षं चाललं. साहेबही हट्टी, रोज मागायचे. संक्रांतीला तिळगूळ घेऊन यायचे, गोड बोला म्हणायचे. आई तो त्यांच्या देखत शेजारच्या बाईच्या हातात द्यायची. "मला साखर हाय, डॉक्टरांनी गोड खायला नको सांगितलंय, आन् बोलायलाबी." आईला साखर कधीच नव्हती.

साहेबांच्या बायकोला मात्र ती भाजी द्यायची. लताबाई साधी, गरीब स्वभावाची बाई. घोड्याच्या प्रकरणानंतर ती एकटीच आमच्या घरी आली होती, दारातच उभी राहून रडली होती. आई तिच्या पिशवीत जुडी टाकताना सांगायची, "तुमी खा. त्यांना घालू नका." लताबाई हसायची. एकदा पाटीजवळ टेकून ती आईला म्हणाली, "घरात नाही हो हसत ते. दार लावलं की शब्द नाही तोंडात. सगळं हसू त्या फरशीवर संपवून येतात." आईनं ते ऐकून घेतलं आणि मला घरी येऊन सांगितलं. तिच्या डोळ्यांत चमक होती. शत्रूच्या किल्ल्याचा चोरदरवाजा कळावा तशी.

दोन हजार चार साली लताबाई गेली. झोपेतच गेली. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी साहेब मैदानावर हजर. शिटी वाजवली, म्हणाले, चला, पाटी वाचा! आणि असे मोठ्यानं हसले म्हणतात की देवळावरची कबुतरं उडाली. लोकांनी तोंडात बोटं घातली. केवढं धैर्य, म्हणाले. महिनाभर ते चाललं. मग एके दिवशी साहेब आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत.

संघातल्या लोकांनी आपसांत ठरवून टाकलं की साहेब मुलाकडे बंगळूरला गेले असतील. कुणी जाऊन बेल वाजवली नाही. वाजवणार कसे? इतकी वर्षं ज्यांनी एकमेकांना दुःख बाहेर ठेवायला लावलं, त्यांना ते हातात घेऊन दुसऱ्याच्या दारात जायची सवय कुठून असणार? क्लब चालू राहिला. दुसऱ्या कुणीतरी शिटी घेतली.

साहेब कुठंही गेलेले नाहीत, हे आईला त्यांच्या कामवालीकडून कळलं. ती म्हणाली, दिवसभर बसून असतात, ताट तसंच परत येतं, आंघोळ नाही, मला झाडायलाही खोलीत येऊ देत नाहीत. आईनं तिला दोनदा विचारून खात्री केली. त्या दिवशी आमच्याकडे शिरा झाला. बदाम घालून. बाबांनी विचारलं, कशाबद्दल? आई म्हणाली, "असाच."

दुसऱ्या दिवशी तिनं मेथीची सगळ्यांत चांगली जुडी काढली, पातळ बदललं आणि खैरनारांच्या बंगल्यावर गेली. तासाभरानं आली तेव्हा मी घरीच होते. ती पाणी प्यायली आणि म्हणाली, "अगदी तसंच गं. खाटंच्या कडंला. पाय खाली सोडून. गंजी मळलेली. पुढ्यात पान्याचा गिलास भरलेला, त्यात मुंगी. माझ्याशी काय बोलला माहितेय? 'घर खायाले उठस.' सटाण्याची बोली निघाली गं बाहेर! सगळी साहेबी उतरली."

"मग तू काय म्हणालीस?"

"काय नाय. समोर बसले. बघितलं." तिनं ओठ पुसले. "लय बरं वाटलं."

मलाही बरं वाटलं. मी तिला दुसऱ्या दिवशी जाऊ नको म्हणाले नाही. ती गेली. तिसऱ्या दिवशीही गेली. मग रोजच जायला लागली. पाटी उठवली की बंगल्यावर, समोरच्या खुर्चीत बसायची. साहेब बोलले तर ऐकायची, रडले तर बघायची. काही दिवसांनी मेथी तशीच सुकून चाललेली बघवेना म्हणून तिनं त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन ती परतली आणि पुढ्यात ठेवली. "खा. मेलात तर मला काय उपेग?" साहेबांना वाटलं, थट्टा आहे. ती थट्टा नव्हती. तिला ते मैदानावर जिवंत हवे होते.

बाबांना कळलं तेव्हा ते चप्पल घालून तयार झाले. "मी येतो. मला ठाऊक आहे ते काय असतं."

आई दारात आडवी उभी राहिली. "तुमी नाय. तुमी गेलात तर माफ करून याल."

संक्रांत जवळ आली. आई साहेबांना म्हणाली, वर्धापनदिन आहे, सगळे तुमची वाट बघतायत. वाट बिट कुणी बघत नव्हतं. साहेब नाही नाही म्हणाले. आईनं त्यांचा सदरा धुऊन इस्त्रीला टाकला, न्हाव्याला घरी बोलावलं. साहेबांनी तिचे हात धरले आणि म्हणाले, बहीण भेटली मला. आईनं हे मला सांगितलं तेव्हा क्षणभर तिच्या तोंडाकडे बघवेना. पण ती थांबली नाही. "उद्या तूबी चल," म्हणाली. "पुढं बसू."

आम्ही पुढं बसलो. बाबाही होते, आईला न विचारता आलेले, मागच्या रांगेत. साहेब आईच्या मागून हळूहळू चालत आले तेव्हा टाळ्या पडल्या. लोकांना हायसं वाटलं. आले, म्हणजे बरे असणार, म्हणजे आता विचारायला नको. कुणीतरी त्यांच्या हातात माइक दिला. नेहमीचं सुरू करा साहेब, आधी सिंह, मग ताक!

साहेबांनी हात वर केले. तोंड उघडलं. आणि माइकमधून जो आवाज आला तो हसण्याचा नव्हता. लहान पोर पडलं की श्वास कोंडतं आणि मग एकदम फुटतं, तसं ते रडले. थांबेनात. माइक तोंडापाशी तसाच. सगळ्या कॉलनीनं ऐकलं ते.

लोक तिळगुळाच्या पुड्यांकडे, सतरंजीकडे, आपापल्या पायांकडे बघू लागले. आई उठली. आयुष्यात कधी माइक न धरलेली माझी आई तिथं जाऊन उभी राहिली. तिला माइकची गरज नव्हती. भाजी विकणारीचा आवाज तो.

"आता हसा ना!" ती म्हणाली. "का गप बसलात? माझ्या मानसाला हसलात तवा कसं आलं हसू? ह्याच जागेवर त्यांच्या डोळ्याला पानी आलं, तर तुमी घोडं होऊन नाचलात. माझा मानूस त्यानंतर मराया निघाला होता. कुनाला माहीत हाय? कुनी विचारलं? आता हा रडतोय. तुमचा साहेब. हसा की! नाचा!"

एक म्हातारी डोळे पुसत होती. आई साहेबांकडे वळली. साहेब तिच्याकडे बघत होते, रडणं अर्ध्यावर थांबलेलं.

"आन् तुमी. तुमाला वाटलं, ही बया मायेनं येती. मी माया करायला नाय आले. रोज तुमाला रडताना बघायला येत व्हते. पोट भरत नव्हतं माझं बघून. आज हितं आनलं ते ह्याच्यासाठी."

झालं. सहा वर्षं पोटात ठेवलेलं तिनं एका दमात बाहेर टाकलं. मी तिच्याकडे बघत होते आणि माझी छाती भरून आली होती. असं उट्टं निघताना बघायला मिळणं सगळ्यांच्या नशिबात नसतं. मला वाटलं, आता हा माणूस खाली मान घालून निघून जाईल, आणि आम्ही घरी जाऊन पुन्हा शिरा करू.

साहेबांनी माइक खाली ठेवला. त्यांचा आवाज आता आम्हा पुढच्या रांगेतल्यांनाच ऐकू येत होता. इतक्या वर्षांचं स्वच्छ मराठी त्यांना सापडेना. ते त्यांच्या आईच्या बोलीत बोलले.

"देखाले तर देखाले, बहीन. पन येत जाय."

बघायला तर बघायला. पण येत जा.

आईकडे शिव्यांना उत्तर होतं, माफी मागितली असती तर तिला द्यायला नकारही तयार होता. हे तिला नवीन होतं. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा मागच्या रांगेत बाबांकडे. बाबा उठून पुढं येत होते. त्यांनी साहेबांच्या दंडाला धरलं आणि एवढंच म्हणाले, "चला, बसू जरा." दोघं फरशीच्या कडेला जाऊन बसले, जिथं सगळ्यांच्या चपला होत्या. आई तिथं न थांबता तरातरा घरी निघून गेली.

त्या दिवशी ती जेवली नाही. भांडी आपटली, मांजराला हाकललं, मला म्हणाली, "बघितलंस? मेल्यानं माझा सूडबी धड होऊ दिला नाय." बाबा संध्याकाळी आले ते साहेबांना आमच्या मनाच्या डॉक्टरांकडे नेऊन आणूनच आले. आईनं बाबांना चहा दिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाहेर आले तर ती पाटी उचलत होती. मेथीची एक जुडी तिनं बाजूला काढून फडक्यात बांधली. बाबा ओट्यावर पेपर वाचत होते. त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

"खैरनारांकडे निघालीस? राग गेला का गं?"

आईनं पायात चप्पल सरकवली. "राग गेला असता तर गेले असते का?" ती म्हणाली, आणि गेली.